हार घातलेलं लायसन

लायसन फ्रेममध्ये होतं आणि फ्रेमला झेंडूचा हार होता.

तिकीटखिडकीच्या आत, गणपतीच्या तसबिरीशेजारी, खिळ्याला टांगलेलं. काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. आपल्याकडं फोटोला हार दिसला की जे मनात येतं, तेच माझ्या मनात आलं. पण फोटोतली बाई चांगली जिवंत होती. खिडकीच्या बाहेरच उभी होती. अंगावर काठापदराची साडी, हातात औक्षणाचं ताट, नजर रस्त्याकडं.

"रेणुका, तू इथं काय करतेस?" मी विचारलं.

"पाव्हण्यांला ओवाळायचंय, सर."

"आणि बोट कोण चालवणार?"

तिनं ताटातली वात काडीनं पुढं सारली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "महेशभाऊ."

मी चिडलो. हा प्रसंग सांगायला बसलो की अजूनही चिडतो, त्यामुळं वाचणाऱ्यानं थोडं सांभाळून घ्यावं.

आधी माझी ओळख करून देतो. मी बिरादार. मरीन इंजिनिअर, म्हणजे जहाजाच्या पोटात बसून त्याचं इंजिन सांभाळणारा माणूस. गाव औसा तालुक्यात. आमच्या भागातल्या माणसानं जहाजावर नोकरी करावी हेच लोकांना पटायचं नाही. सुट्टीवर आलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तिकडं प्यायच्या पाण्याचं कसंय?" निवृत्त झाल्यावर नांदेडात गोदावरीच्या काठी एका खासगी ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवायला लागलो. तलावात, नदीत, धरणात जी सहलीची बोट चालते, ती चालवणाऱ्यांना मी तयार करतो. माझा शेरा चांगला असल्याशिवाय उमेदवाराला परीक्षेला बसता येत नाही.

लोकांना वाटतं बोटीचं लायसन म्हणजे एकच कागद. तसं नसतं. दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक बोटीची. बोट तपासली जाते, ती किती माणसं पेलते ते ठरतं, तो आकडा बोटीवर रंगवावा लागतो आणि मग तिची नोंदणी होते. दुसरी माणसाची. बोट कितीही चांगली असो, चालवणाऱ्याचा स्वतःचा परवाना हवा. त्यासाठी ठरलेलं वय पूर्ण पाहिजे, डॉक्टरचा दाखला पाहिजे, नजर चांगली पाहिजे. लाल आणि हिरवा रंग ओळखता आले पाहिजेत, कारण पाण्यावरचे दिवे त्याच रंगांचे असतात. पोहता आलं पाहिजे. ट्रेनिंग पूर्ण झालं की तोंडी परीक्षा, मग पाण्यावरची परीक्षा. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करणाऱ्यानं खात्यात जाऊन चौकशी करावी. एजंटाकडं जाऊ नये. गेलाच, तर निदान पोहायला तरी स्वतः शिकावं.

पाण्यावरच्या परीक्षेत लोक कुठं अडकतात? थांबवण्यात. बोटीला ब्रेक नसतो. मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप चालवलेल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेक शोधतो आणि तिथं काहीच नसतं. बोट थांबवायची तर आधीपासून वेग कमी करायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं, शेवटी इंजिन उलटं फिरवायचं. हे अंगात मुरायला वेळ लागतो.

तर गोष्ट अशी. उदगीरहून देगलूरकडं जाताना आत वळलं की एक तलाव आहे. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की माणसं ओळखू येतील. तिथं बोटिंग सुरू करायचं काम बापूसाहेबांना मिळालं होतं. बापूसाहेब मूळचे रस्त्यांचे कंत्राटदार, आता पुढारीही. मंजुरीत एक अट होती. ज्यांची जमीन तलावात गेली, त्या घरातल्या एका तरी माणसाला बोटचालक म्हणून घ्यायचं. अट चांगली होती. ज्यानं कुणी घातली, त्याला मी आजही मनातून धन्यवाद देतो.

बापूसाहेबांनी आमच्या सेंटरला दोन उमेदवार पाठवले. एक त्यांचा पुतण्या महेश. दुसरी रेणुका. तिच्या सासऱ्यांचं शेत पाण्याखाली गेलं होतं. नवरा लातूरला एका गॅरेजमध्ये. ही बारावी शिकलेली आणि माहेरी विहिरीत पोहायला शिकलेली. बापूसाहेबांना वाटलं होतं की बाई माणूस आहे, नावाला बसेल, आठवड्यात कंटाळून परत येईल.

महेश दोन दिवस आला. पहिल्या दिवशी लाईफजॅकेट घालून सेल्फी काढले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सर, म्या जेसीबी चालवतो. ह्यात काय शिकायचंय?" मी म्हटलं, "बोट धक्क्याला लावून दाखव." त्यानं लावली ती धक्क्यावरचं टायर फाटेल अशी लावली. तिसऱ्या दिवसापासून आला नाही. परीक्षेलाही बसला नाही.

रेणुका मात्र टिकली. पहिले काही दिवस ती गप्प असायची. एकदा चहाच्या वेळी म्हणाली, "सर, आमचं शेत त्या पाण्याखाली हाय. सासूबाई तलावाकडं बघून रोज शिव्या घालतेत. म्या त्याच्यावरच बोट फिरवली तर कसं दिसंल?"

"तुला कसं वाटेल ते सांग."

तिनं विचार केला. "मला तर वाटतंय, तेवढंच आपल्या शेतावरून चक्कर मारल्यासारखं होईल."

आमच्याकडं एक सराव असतो, माणूस पाण्यात पडल्याचा. खऱ्या माणसाला कोण ढकलणार? म्हणून आम्ही प्लास्टिकच्या कॅनमध्ये अर्धं पाणी भरतो, त्याला जॅकेट बांधतो आणि चालत्या बोटीतून टाकून देतो. कुणीतरी ओरडतं आणि चालकानं वळून तो कॅन उचलायचा. ऐकायला सोपं आहे. पण जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रलला टाकलं नाही, तर खालचा पंखा फिरतच राहतो आणि वाचवायला आलेली बोटच माणसाला कापते. रेणुकानं सुरुवातीला तो कॅन एवढ्या वेळा कापला की सेंटरवाल्यांनी नवीन कॅन द्यायला कुरकुर केली. शेवटी शेवटी ती कॅनच्या बाजूला बोट अशी आणून उभी करायची की मी नुसता हात खाली सोडावा. त्या कॅनला तिनं नाव ठेवलं होतं, पाव्हणं. "पाव्हणं पडले!" असं ओरडून स्वतःच हसायची.

ती पास झाली. परवाना आला. बापूसाहेबांच्या मंजुरीची अट पूर्ण झाली. उद्घाटनाचं आमंत्रण मला आलं, कारण प्रशिक्षक म्हणून माझा सत्कार होता. मला वाटलं, चला, शिकवलेल्या मुलीला बोट चालवताना बघू.

आणि तिथं हे दिसलं. परवाना भिंतीवर, परवानावाली ताट घेऊन दारात.

"हे कधी ठरलं?" मी रेणुकाला विचारलं.

"मागल्या हप्त्यात. बापूसाहेब घरी आलते. म्हणले, कागद तिचा राहू द्या, पगार घरी बसून मिळंल. बोट आमचा महेश बघंल. बाईमाणसानं दिवसभर उन्हात, पाण्यात, लोकांत कशाला? मामा लगेच हाव म्हणले."

मामा म्हणजे तिचे सासरे.

"आणि तू?"

"मला इचारलंय कोण, सर?"

हे ती रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी सरळ म्हणाली, आज बाजार आहे असं सांगावं तशी. मला तिचाही राग आला. कॅन कापून कापून हात दुखवून घेतले ते कशासाठी? भिंतीवर टांगून घ्यायला?

बापूसाहेब मंडपात होते. पांढरे कडक कपडे, हातात फोन. मी सरळ गेलो.

"बापूसाहेब, बोट रेणुका चालवणार ना?"

"या सर, या! बसा. चहा आणा रे सरांला." मग आवाज खाली आणून, "लायसन तिच्याच नावावर हाय की. मोठं फ्रेम करून लावलंय. बघितलं न्हाई का?"

"बघितलं. परवाना चालकाजवळ बोटीत असावा लागतो. आणि ज्याचा परवाना, त्यानंच चालवायची असते."

ते हसले. खरंच समजावण्याच्या सुरात बोलले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "सर, तुम्ही लई वर्षं बाहेर काढली. आमचं टॅक्टर मिसेसच्या नावावर हाय. तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला का? गावची सरपंच माझी वहिनी हाय. कारभार भाऊ बघतो. अडलंय का कुणाचं? बाईच्या नावावर केलं की काम व्हतं. चालवायचं आपण असतंय."

मी म्हटलं, "ट्रॅक्टरचा कागद मालकीचा असतो. मालकी कुणाच्याही नावावर करता येते. बोट वळवणं नाही करता येत. उद्या ऑपरेशनला डॉक्टरीणबाईंचं सर्टिफिकेट भिंतीला लावून त्यांच्या दिराकडून पोट कापून घ्याल का?"

"आता काय बोलायलाव सर तुम्ही, शुभकामाच्या दिवशी."

त्यांना खोटेपणा करतोय असं वाटतच नव्हतं, हे मला तिथं कळलं. आमच्या भागात ही रीतच होऊन बसली आहे. राखीव जागा आली की बायकोचं नाव, सवलत आली की आईचं नाव, बचतगट आला की सुनेचं नाव. नाव बाईचं आणि हात पुरुषाचा. कागदावर निभावतं. पाण्यावर निभावत नाही, कारण पाणी कागद वाचत नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फोन घेतला.

मी लाईफजॅकेटं बघायला गेलो. ती कपाटात होती. सगळी नवी, प्लास्टिकच्या पिशवीतच, कपाटाला कुलूप. किल्लीवाला मुलगा म्हणाला, "नवी हायत सर. पहिल्याच दिवशी घाण व्हतेल." आमच्याकडं नव्या सोफ्याचं प्लास्टिक काढत नाहीत, गाडीच्या सीटचं काढत नाहीत, ते एक वेळ मी समजू शकतो. पण जॅकेट कपाटात ठेवलं तर फक्त कपाट वाचतं. मी बाहेर काढायला लावली आणि धक्क्यावर ठेवली. पुढं ती पाहुण्यांपैकी कुणीही घातली नाहीत. जॅकेट घातलं की हार दिसत नाही ना.

तेवढ्यात मला फोन आला. आमच्या सेंटरचे डायरेक्टर.

"बिरादार सर, तिथं काय वाद घालताय?"

"वाद नाही. लायसनवाली पाहुण्यांना ओवाळतेय आणि बिनलायसनचा माणूस बोट चालवणार आहे."

"अहो, एक फेरी आहे. फोटोपुरती. त्यांच्याकडून आपल्याला पुढं बरेच उमेदवार येणार आहेत."

"उमेदवार येतील, सर. बुडालेले वजा करून."

"तुम्ही पाहुणे म्हणून गेलाय ना? मग पाहुण्यासारखे राहा. थोडं अॅडजस्ट करा."

अॅडजस्ट हा शब्द मी जहाजावर फक्त व्हॉल्व्हच्या बाबतीत ऐकला होता. इकडं तो माणसाच्या जिवाबाबतही चालतो. मी फोन ठेवला.

आता माझ्या हातात काय होतं? बोट माझी नाही, तलाव माझा नाही. मी पोलीस नाही. एकच गोष्ट होती. सहलीची बोट पाण्यात असताना मदतीची छोटी बोट चालू ठेवणं बंधनकारक असतं. ती धक्क्याला बांधलेली होती. तिला कुणी हार घातला नव्हता, त्यामुळं कुणाचं तिच्याकडं लक्षही नव्हतं.

मी रेणुकाकडं गेलो. "ताट ठेव. मदतीच्या बोटीवर चल."

"सर, पाव्हणे यायलेत. मामा रागावतेल."

"ऐक. आज त्या बोटीला काही झालं, तर पोलीस विचारणार, चालक कोण? कागदावर कुणाचं नाव आहे?"

तिनं वात पुन्हा काडीनं सारली.

"महेशचं नाव कुठंच नाही. तो तिथं नव्हताच असं म्हणायला सगळे मोकळे. फ्रेममध्ये कुणाचा फोटो आहे ते तूच जाऊन बघ."

तिनं मान वळवून खिडकीतून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग ताट खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. वात तशीच जळत होती. पदर कमरेला खोचला, धक्क्यावरचं एक जॅकेट उचललं, दातानं प्लास्टिक फाडलं आणि अंगात घातलं. मामांनी लांबून हाक मारली. तिनं ती ऐकली की नाही हे मला माहीत नाही.

पाहुणे आले. ओवाळायला दुसरी कुणी तरी उभी केली. फीत कापली, नारळ फुटला, सत्कार झाले. माझंही नाव पुकारलं. मी मदतीच्या बोटीत बसलेला होतो. माझी शाल आणि नारळ दुसऱ्यानंच घेतला असेल.

बोटीवर आकडा रंगवला होता, दहा. चढले पंधराच्या वर. कुणाला नाही म्हणणार? जो मागं राहील त्याचा मान जातो. प्रमुख पाहुणे, त्यांचे दोघं-चौघं, बापूसाहेब, ज्यांच्याशी बापूसाहेबांना गोड राहायचं होतं ते सगळे. उदगीरचा एक फोटोग्राफर होता, लग्नाबिग्नाचे फोटो काढणारा. तो बोटीच्या टोकावर पाण्याकडं पाठ करून उभा राहिला, कारण तिथूनच सगळे एका फोटोत मावत होते. स्टिअरिंगवर महेश, गॉगल लावून, गळ्यात हार.

बोट निघाली. पाणी शांत होतं आणि बोट चांगली होती, म्हणून सुरुवातीला काही झालं नाही. तेवढ्यानंच महेशला हुरूप आला. काठावर गावकरी जमले होते, शिट्ट्या मारत होते. त्यानं बोट वळवली आणि काठाजवळून नेली, लोकांना दिसावं म्हणून.

आमच्याकडच्या तलावाच्या काठाला काय असतं हे जेसीबीवाल्याला नसेल, पण गावातल्या माणसाला माहीत असायला हवं. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यात सोडलेल्या असतात. त्यांचे दोर, पाइप, वायरी काठापासून आत गेलेल्या असतात, पाण्याच्या जरा खाली. ट्रेनिंगच्या चौथ्या दिवशी मी हेच शिकवतो, काठाजवळ जायचं नाही, पंख्यात दोर अडकतो. महेश दोन दिवसच आला होता.

इंजिन खरखरलं आणि बंद पडलं. पंख्याला दोर गुंडाळला होता. बोट एका बाजूनं ओढल्यासारखी झाली. काय झालं बघायला सगळे उठले आणि सगळे एकाच बाजूला गेले. बोटीत उठून उभं राहणं वाईट, एका बाजूला जाणं त्याहून वाईट. ती बाजू पाण्याला टेकली. पाणी आत आलं. टोकावरचा फोटोग्राफर मागच्या मागं पाण्यात गेला.

आणि चालकानं काय केलं? चालकानं उडी मारली. पट्टीचा पोहणारा होता. सरळ हात मारत काठाला गेला.

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत रेणुकानं वेग वाढवला होता. आम्ही फार लांब नव्हतो, तिनं आधीपासूनच बोट त्यांच्या मागं ठेवली होती. फोटोग्राफर एकदा वर आला, खाली गेला. त्याच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा होता. दोन्ही हातांनी तो पट्टाच ओढत होता. त्याला पोहता येत नव्हतं हे लांबूनही कळत होतं.

मी पुढं ओणवा झालो. मला भीती वाटली ती तिच्या घाईची. घाईत माणूस न्यूट्रल विसरतो. पण माझ्या मागं इंजिनाचा आवाज बदलला, पंखा थांबला, आणि बोट आपल्या वेगानं सरकत सरकत त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. मी नुसता हात खाली सोडला. त्याची कॉलर हातात आली. आम्ही दोघांनी त्याला आत ओढलं. तो पाणी ओकला, खोकला, पुन्हा ओकला.

"पाव्हणं मिळाले, सर," रेणुका म्हणाली. हसली मात्र नाही.

तिकडं मोठ्या बोटीत आरडाओरडा चालला होता. सगळे अजून उभेच. एखाददुसरा पडला असता तर एकामागून एक सगळे गेले असते. रेणुकानं आमची बोट जवळ आणली आणि ओरडली. असा आवाज मी तिचा ट्रेनिंगमध्येही ऐकला नव्हता.

"बसा खाली! जिथं हाव तिथंच बसा! कुणी हलायचं न्हाई!"

बाकीचे बसले. प्रमुख पाहुणे उभेच होते. त्यांना बहुतेक वाटलं की हे इतरांसाठी आहे.

"ओ पांढरं उपरणंवाले! तुमालाच सांगायले! बसा!"

ते बसले. पाण्यात बसले, बोटीत साचलेल्या. बापूसाहेब आधीच बसले होते, दोन्ही हातांनी बाकडं धरून. तिनं दोर फेकला, कडीला कसा बांधायचा ते तिथल्याच एकाला सांगितलं. मी वाकून चाकूनं पंख्यातला दोर कापला. मग ती त्यांना हळूहळू ओढत धक्क्याला घेऊन आली. धक्क्याला बोट लागली तेव्हा टायरचा आवाजसुद्धा झाला नाही. मला एरवी असल्या गोष्टींनी भरून येत नाही. त्या दिवशी आलं.

फोटोग्राफरनं दम परत आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "कॅमेरा?" कॅमेरा तलावाच्या तळाशी होता, आणि त्यातले फोटोही.

म्हणूनच पुढचं झालं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली. फोटो होता तो आदल्या दिवशी सकाळी मोबाइलवर काढलेला, गॉगल आणि हार घातलेल्या महेशचा. बातमीत असं होतं की बोटीत बिघाड होताच चालकानं प्रसंगावधान राखून पाण्यात उडी घेतली आणि अनर्थ टळला. मी ती बातमी परत परत वाचली. उडी घेतली, हे खरंच होतं. कुठल्या दिशेनं, एवढंच लिहायचं राहिलं होतं. रेणुकाचं नाव बातमीत नव्हतं. मी पेपरला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, आम्हाला बापूसाहेबांकडून असंच आलंय."

मी खात्याला सविस्तर रिपोर्ट दिला. जॅकेट, आकडा, बिनपरवाना चालक, सगळं. आमचे डायरेक्टर म्हणाले, "कशाला पाठवला? आता ते उमेदवार देतील का?" मी म्हटलं, "देतील, सर. आता भीती बसलीय." बापूसाहेबांना नोटीस गेली. बोटिंग काही आठवडे बंद राहिलं. मला वाटलं होतं परवानगीच रद्द होईल. तसं झालं नाही. खुलासा मागवला, खुलासा दिला, खुलासा मान्य झाला. आपल्याकडं हे असंच होतं आणि दर वेळी माझं डोकं तेवढंच तापतं.

पण एक गोष्ट खुलाशानं मिटली नाही. काठावर शंभर माणसं उभी होती आणि त्यांना डोळे होते. बोटिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिल्याच रविवारी तिकीटखिडकीवर लोक विचारायला लागले, "बोट कोण चालवायलंय? ती बाई असंल तर चार तिकिटं द्या." बिदरकडून आलेलं एक कुटुंब कन्नडमिश्रित मराठीत तेच विचारत होतं म्हणे. महेशचं नाव निघालं की लोक भज्याच्या गाड्याकडं वळायचे. बापूसाहेब नियमाला घाबरत नाहीत, पण गिऱ्हाईक ओळखतात. दोन रविवार त्यांनी बघितलं. तिसऱ्या रविवारी रेणुका स्टिअरिंगवर होती, आणि रस्त्यावर बोर्ड लागला होता की इथं महिला चालक आहे. जणू ही त्यांचीच कल्पना.

मी नंतर गेलो होतो. रेणुका आता सलवार कमीज घालते, वर जॅकेट. परवाना प्लास्टिकच्या पाकिटात, जॅकेटच्या खिशात. मी मागितला नसताना तिनं काढून दाखवला.

"फ्रेमचं काय केलं?" मी विचारलं.

"म्या काढून घेतलं लायसन. बापूसाहेब म्हणले, राहू दे की, शोभा येती. म्हणलं, शोभा बोटीत येऊ द्या." रिकाम्या फ्रेममध्ये आता तिकिटाचे दर लावले आहेत. हार मात्र कुणी तरी रोज बदलतं.

तिनं मला एक फेरी मारून आणली. तलावाच्या मध्ये एका जागी वेग कमी केला. थोडं थांबली आणि पुढं निघाली. सासूबाई एकदा बोटीत बसून गेल्या आणि त्याच जागी पाण्यात हात घालून बसल्या होत्या, एवढं तिनं नंतर सांगितलं.

मागच्या महिन्यात महेश नांदेडला आला. गॉगल नव्हता. गेटपाशी उभा राहून म्हणाला, "सर, मला लायसन काढायचंय. रीतसर."

"ट्रेनिंग पूर्ण करावं लागेल."

"करतो. डॉक्टरचा दाखला आणलाय. नजर चांगली हाय. रंग वळखता येतेत. पवायला तर लईच चांगलं येतंय."

"ते मी बघितलंय."

त्यानं मान खाली घातली. मग विचारलं, "अजून काय लागतंय, सर?"

मी म्हटलं, "शेवटचा माणूस उतरेपर्यंत बोटीत थांबावं लागतं."